एअर पाइपमध्ये ऑइल दिसलं म्हणजे टर्बोच गेला असं नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार, माझी 2015 ची डिझेल हॅचबॅक आहे, 1 लाख 30 हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून पिकअप कमी वाटतोय, चढाला काळा धूर मारते आणि अ‍ॅव्हरेज 21 वरून 17 वर आलंय. मेकॅनिकने टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची हवा गार करणारी जाळी) जाणारा पाइप काढला तर आतून ऑइल टपकलं, तो म्हणतो टर्बोचं सील गेलं, नवीन टर्बो टाका, 30 हजार लागतील. माझा मामेभाऊ ट्रक लाइनला आहे, तो म्हणतो टर्बो गाडीत थोडं ऑइल असतंच, पुसून टाक आणि चालव. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर: मामेभाऊ निम्मा बरोबर आहे. मेकॅनिक बरोबर आहे का चूक ते आत्ता सांगताच येत नाही, कारण त्याने ऑइल बघितलं पण ते कुठून आलं ते बघितलंच नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

इंजिन चालू असताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं तिथे, उतरतोच, अगदी नव्या गाडीतही. त्या गॅसबरोबर ऑइलची बारीक वाफ असते. पूर्वी ती नळीने सरळ खाली रस्त्यावर सोडून द्यायचे, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्नियाने ती परत इंजिनात ओढून जाळायला लावली आणि मग हळूहळू सगळीकडे तेच झालं. तुमच्या गाडीत टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, ही वाफ नेणारी एक ब्रीदरची नळी निघून एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला जोडलेली असेल. म्हणजे टर्बो रोज ही तेलकट वाफ ओढतोय, ती पुढे इंटरकूलरमध्ये गार होते आणि तळाला ऑइल साचतं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन कसा चिकट होतो तसंच हे, त्यात फॅनचा काही दोष नसतो. बोट फिरवल्यावर तेलकट लागलं किंवा तळाला चमचाभर निघालं तर लाखाच्या वर चाललेल्या गाडीत मी त्याची काळजी करणार नाही. कपभर निघालं तर मात्र शोध घ्यायचा.

आता शोध कसा घ्यायचा, तर टर्बोनंतरचा पाइप राहू द्या आणि आधी टर्बोच्या अलीकडचा काढा, म्हणजे फिल्टरकडून टर्बोत येणारा. फिल्टरच्या डब्यापासून ब्रीदर जोडलाय तिथपर्यंतचा तुकडा कोरडा असायला हवा. ब्रीदरच्या जोडापासून पुढे ओलं सुरू होत असेल आणि ब्रीदरची नळी आतून ओली असेल तर ऑइल ब्रीदरमधून येतंय, टर्बो फक्त ते पुढे ढकलतोय. जोडापासून टर्बोच्या तोंडापर्यंत कोरडं आणि टर्बोनंतर एकदम ओलं असेल तर मग टर्बोवर संशय घ्यायचा. तुमच्या मेकॅनिकने फक्त नंतरचा पाइप काढला म्हणून त्याला टर्बोच दिसला, आणि नंतरचा पाइप दोन्ही केसमध्ये ओलाच असतो ना!

तरी खात्री वाटत नसेल तर एक टेस्ट आहे, वेळ लागतो पण पैसे लागत नाहीत. सगळे पाइप पुसून घ्या, इंटरकूलर रिकामा करा. ब्रीदरची नळी एअर पाइपमधून काढून एका प्लास्टिकच्या बाटलीत सोडा, बाटलीला हवा जायला भोक ठेवा आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब बांधा. एअर पाइपला जे भोक उघडं पडलं त्याला घट्ट बूच मारा, नाहीतर टर्बो धूळ ओढेल आणि चांगला टर्बो खरंच जाईल. असं दोन-तीनशे किमी चालवा आणि मग बघा. बाटलीत ऑइल आणि पाइप कोरडा म्हणजे टर्बो निर्दोष. बाटली जवळपास रिकामी आणि पाइप परत ओला म्हणजे मेकॅनिक बरोबर होता. फक्त ही टेस्ट आहे, कायमचं असं ठेवायचं नाही, ती वाफ जळायलाच हवी.

ब्रीदरमधून येत असेल तर लगेच इंजिन काम निघालं असंही नाही. आधी गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी बघा, सपाट जागेवर, गाडी बंद करून दहा मिनिटांनी. मॅक्सच्या वर ऑइल भरलेलं असणं हे मी बघितलेलं सगळ्यात कॉमन कारण आहे, सर्व्हिसिंगला पोरगं कॅन उलटा करतं आणि मोकळं होतं. मग एअर फिल्टर बघा, तो चोक झाला की टर्बो जास्त जोरात ओढतो आणि ऑइलही ओढतो. मग टॅपेट कव्हरमधला सेपरेटर, तो काळ्या चिकट थराने भरला किंवा त्यातला रबरी पडदा फाटला तर वाफेतून ऑइल वेगळं होऊन खाली परत जातच नाही. हे तिन्ही ठीक असेल तरच रिंग-पिस्टनकडे वळायचं. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, पण उडून पडलं आणि खालून धूर भकाभक आला तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे रिंगांमधून खूप गॅस खाली येतोय, मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. त्यात चार सिलेंडरपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली आहे का ते आधी विचारा, नुसत्या आकड्यापेक्षा ते जास्त सांगतं.

समजा टर्बोच निघाला, तरी बदलायच्या आधी हाताने बघा. शाफ्ट बोटात धरून वर-खाली किंचित हलणं नॉर्मल आहे, कारण ते बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, गाडी बंद असली की तो थर नसतो. याच एका हलण्यावर कितीतरी चांगले टर्बो भंगारात गेलेत. आत-बाहेर मात्र खेळ जाणवायला नको, आणि पात्यांची टोकं बाहेरच्या हाउसिंगला घासल्याचे चकचकीत ओरखडे नकोत. ते नसेल तर टर्बोखालून ऑइल परत खाली नेणारी नळी काढून बघा. तिच्यात प्रेशर नसतं, ऑइल आपल्या वजनाने उतरतं, त्यामुळे कार्बन जमून ती अरुंद झाली की ऑइल टर्बोत तुंबतं आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. ती साफ न करता 30 हजारांचा नवा टर्बो लावलात तर तोही महिन्याभरात तसाच गळेल, मग सगळे म्हणणार पार्ट डुप्लिकेट होता.

आणि आता तुमचा खरा प्रॉब्लेम, जो या ऑइलच्या नादात बाजूलाच राहिला. ऑइल जळलं की धूर निळसर येतो. तुमचा काळा आहे, म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. इंटरकूलरच्या रबरी होज बाहेरून बघा, विशेषतः क्लिपच्या कडेला आणि खालच्या वाकणाला. बाकी होजवर कोरडी धूळ आणि एकाच ठिकाणी काळा तेलकट चिखल असेल तर तिथून टर्बोची हवा बाहेर निघतेय. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या अलीकडे फिल्टरजवळ असतो, त्याने मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही, पण डिझेल मात्र त्या हिशोबाने पडतं, म्हणून काळा धूर, म्हणून पिकअप नाही, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं. जुनं रबर ऑइलने फुगतं, मऊ होतं, हाताने दाबलं तर कळतं. होज आणि क्लिप नवीन टाकायला टर्बोच्या मानाने काहीच खर्च नाही, माझा पहिला अंदाज हाच आहे. होज बरोबर निघाली तर ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय का बघा.

मामेभावाचं "चालव" तेवढं मात्र ऐकू नका. इंटरकूलरमध्ये पाव लिटर ऑइल साचलेलं असेल आणि हायवेला एकदम जोरात दाबलं तर ते सगळं इंजिनात जाऊ शकतं, आणि डिझेल इंजिनाला ऑइल हेही इंधनच. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, रेस चढतच जाते. मॅन्युअल गाडीत त्यावर उपाय एकच लक्षात ठेवा, टॉप गिअर, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा, इंजिन कोंडून बंद पडतं. बॉनेट उघडून हाताने हवा अडवायला जायचं नाही. इंटरकूलर धुतलात तर पूर्ण वाळवूनच बसवा, आत राहिलेलं डिझेल किंवा क्लीनर हेच काम करेल.

प्रश्न: माझी 2021 ची बीएस 6 डिझेल एसयूव्ही आहे. रोज घर ते ऑफिस 6 किमी. ऑइल मी टाकलं नाही तरी गेजवर मॅक्सच्या वर दिसतंय आणि एअर पाइपही तेलकट झालाय. ऑइल वाढतं कसं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ऑइल वाढलं नाही, त्यात डिझेल मिसळलंय. एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांना सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ आहे, त्यात काजळी अडकते आणि ती जाळायला गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल उशिरा सोडते. हे पूर्ण व्हायला गाडी बराच वेळ एका लयीत चालायला लागते, तुम्ही सहा किमीवर चावी बंद करता, काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू. न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. गेजवरचं ऑइल बोटावर चोळा, पाणचट लागेल आणि वास घेतला की कळेलच. लेव्हल वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, वाफ वाढते, ब्रीदरमधून एअर पाइपमध्ये. वरचं काढून लेव्हल बरोबर करू नका, पूर्ण ऑइल बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातात. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी घोडबंदर किंवा नाशिक हायवेला अर्धा तास मोकळी चालवा, डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी. खरं सांगायचं तर 6 किमीच्या रनिंगला डिझेल घ्यायलाच नको होती, पण आता घेतलीच आहे.

प्रश्न: 110 सीसी स्कूटरचा एअर फिल्टर ऑइलने भिजतो, दोनदा बदलला. फिल्टरच्या डब्याखाली एक छोटी बूच लावलेली नळी आहे, त्यात तपकिरी पाणी दिसतं. इंजिन गेलं का?
— एक वाचक, कराड

उत्तर: नाही हो. ती नळी त्यासाठीच दिलीय, ब्रीदरमधून आलेलं ऑइल आणि पाणी तिच्यात जमतं, बूच काढून रिकामी करायची, पावसाळ्यात जरा लवकर लवकर. कुणी करतच नाही, मग ती भरते आणि माल वर फिल्टरला लागतो. दुसरं, तुमच्या मेकॅनिकला विचारा ऑइल किती टाकलं. या स्कूटरना बदलताना साधारण 700 मिली लागतं आणि बाजारात बाटल्या 800 आणि 900 च्या मिळतात, उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून बरेच जण पूर्ण ओततात.

प्रश्न: 2011 ची पेट्रोल सेडान. थ्रॉटल बॉडी आतून काळी तेलकट आहे, आयडल वर-खाली होतं. कसारा घाट उतरून खाली अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून निळा धूर भपकन येतो आणि मग बंद होतो. रिंगा गेल्या असं सांगितलंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: रिंगा गेल्या असत्या तर चढताना लोडवर धूर जास्त आला असता. तुम्ही घाट उतरता तेव्हा पाय वर असतो, थ्रॉटल बंद, इंजिन मात्र फिरतंय, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरना हवा नेणाऱ्या पाइपांत, जोरदार ओढ तयार होते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली खेचते. व्हॉल्व्ह सील कडक झाली असतील. पण तसाच धूर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ब्रीदरची वाफ मॅनिफोल्डमध्ये मोजून सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला तरी येतो, आणि तो काहीशे रुपयांचा पार्ट आहे, म्हणून सुरुवात तिथून. काढून कानाजवळ हलवा, आत खडखड वाजायला पाहिजे. मुका असेल तर फेका.

थ्रॉटल बॉडी थ्रॉटल क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा, इलेक्ट्रॉनिक असेल तर झडप बोटाने ढकलू नका, आणि साफ केल्यावर आयडल वेडंवाकडं झालं तर स्कॅनर लावून सेट करून घ्या. पीसीव्ही बदलूनही धूर राहिला तर सील, आणि बऱ्याच इंजिनांत ती हेड न उतरवता बदलता येतात, प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरतात. "हेड खोलावंच लागेल" म्हणणाऱ्याला आधी हे विचारा. तोवर दर वेळी पेट्रोल भरताना गेज बघत चला आणि डिकीत अर्धा लिटर ऑइल ठेवा.