समर्थ मंदिराच्या चढाला गाडी बंद पडते म्हणून ती विकू नका

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. वय ४१, क्लास लावून लायसन्स मिळालं, दारात पेट्रोलची गिअरची गाडी उभी. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडं चढताना ती दोनदा बंद पडली, मागं सरकली, मागचा रिक्षावाला ओरडला आणि त्या दिवसापासून तुम्ही किल्लीला हात लावलेला नाही. घरचे म्हणतात ही विकू, ऑटोमॅटिक घेऊ. माहेर बोगद्यापलीकडं, सज्जनगडाखालच्या परळीला, म्हणजे तो चढ चुकणार नाही. तुम्ही विचारलंय, या वयात जमेल का, की आपले पायच तसे नाहीत?

जमेल. मी ३६व्या वर्षी शिकले, २००४ साली, मारुती ८०० वर, याच साताऱ्यात. त्यानंतर जावेपासून शेजारणींपर्यंत नऊ जणींच्या शेजारी बसले. सगळ्यात थोरल्या बाई ५८ वर्षांच्या होत्या, त्या आज एकट्या कराडला जाऊन येतात. पाय कुणाचेच वेगळे नव्हते. अडचण मात्र नऊ जणींची एकच होती: डाव्या पायाला क्लच कुणी शिकवलेलाच नव्हता.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. भर रस्त्यात गाडी बंद पडू नये म्हणून तो आपल्या आधीच क्लच दाबतो. माझंही तसंच झालं होतं. पंधरा दिवस वाटत होतं, मी चालवतेय. घरच्या गाडीत बसले तेव्हा कळलं की मी स्टिअरिंग धरत होते, गाडी शिकवणारेच चालवत होते. तुमचा तेवढा धडा व्हायचा राहिलाय, आणि तो पुरा करायला मोजून दोन आठवडे लागतात.

क्लच म्हणजे काय ते एकदा डोळ्यासमोर आणा, मग पाय आपोआप ऐकतो. इंजिन सतत फिरत असतं, नुसतं उभं असलं तरी मिनिटाला साधारण आठशे फेरे. चाकं मात्र थांबलेली. या दोघांच्या मध्ये क्लचप्लेट. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटी, पूर्ण सोडलं की घट्ट चिकटलेली. मधल्या जागेत ती घासत घासत पकडते. हलत्या एसटीत चढणारा माणूस आठवा. तो आधी गाडीबरोबर दोन पावलं पळतो, मग दांडा धरतो. जागेवर उभं राहून दांडा धरला तर हिसका बसून पडतोच. हाफ क्लच म्हणजे ती दोन पावलं. तुम्ही क्लच एकदम सोडता तेव्हा थांबलेलं चाक फिरत्या इंजिनाला अचानक धरतं, इंजिनाला तो भार पेलत नाही आणि गाडी धडधडून बंद पडते. तुमच्या पायात दोष नाही, ती दोन पावलं पळायची राहून जातात.

आता सराव. पहिले चार दिवस चढाचं नाव काढू नका. सकाळी सहाला एमआयडीसीतले रुंद, सपाट रस्ते गाठा. पायात अंगठ्याची चप्पल किंवा जाड तळव्याचा बूट नको, पातळ तळव्याचा, मागून बांधलेला जोड हवा. सीट इतकी पुढं घ्या की क्लच पार तळाला गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. बहुतेक बायका सीट मागं ठेवून बोटांच्या टोकांनी क्लच दाबतात. मग पाय थरथरतो आणि दोष भीतीला दिला जातो.

पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. सपाट असेल तर ब्रेकवरचा दाब काढून घ्या, पण पाय तिथंच राहू द्या. ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पायच लावायचा नाही. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी हळू वर येऊ द्या, दूध उतू जायच्या बेताला असताना गॅस कमी करतो तितक्या हळू. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा खाली बसतो आणि गाडीच्या अंगातून बारीक थरथर जाते. तिथं थांबा. मनात दोन आकडे मोजा. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं स्वतःहून निघते. मग उरलेला क्लच सोडा, दहा पावलं जाऊ द्या, क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. पुन्हा तेच. हल्लीच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या सपाटीवर नुसत्या क्लचवर निघतात, फक्त घाई चालत नाही. रोज तीस वेळा केलंत की चौथ्या दिवशी ती जागा कानाला कळायच्या आधी पायाला कळेल.

या चार दिवसांत शेजारी नवऱ्याला बसवू नका. हे मी मनापासून सांगते. माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा जीव गाडीत आणि आपल्यात दोन्हीकडं अडकलेला असतो, त्यामुळं तो आपल्याआधी दचकतो. बहीण, मैत्रीण, आत्या, कुणीही चालेल, पण लायसन्स असलेली आणि आवाज न चढवणारी हवी.

वरचे गिअर टाकणं त्या मानानं सोपं. वीसच्या आत दुसरा, तीसच्या आसपास तिसरा, पंचेचाळीसच्या पुढं चौथा, हे आकडे ढोबळ आहेत. इंजिन ओरडायला लागलं की वरचा, कण्हायला लागलं की खालचा, असं कानानं ठरवा. गिअरच्या दांड्याकडं बघू नका. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच. पुढच्या गिअरांना वेग जुळवून घ्यायची सोय असते, रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत नसते, म्हणून तो करकरतो.

आता चढ. चढावर गाडी मागं सरकते कारण पाय दोन आणि कामं तीन: ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर. ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी धरायला कुणी नसतं. ते तिसरं काम हँडब्रेकला द्या. क्लासमध्ये हे मला कुणी दाखवलं नव्हतं. माझ्या थोरल्या भावानं दाखवलं, तेही काडेपेटी घेऊन.

आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीकडं जाणारा छोटा चढ आहे, तिथं रहदारी नसते. जावेला शिकवताना मी गाडी तिथं हँडब्रेक ओढून उभी केली आणि मागच्या टायरच्या पाठीमागं वीतभरावर रिकामी काडेपेटी ठेवून बाजूला झाले. (ठेवणाऱ्यानं कायम बाजूला उभं राहायचं, गाडीच्या मागं कधीही नाही.) अट एवढीच, पेटी चेपता कामा नये. पहिल्यांदा तिनं हँडब्रेक आधी सोडला, पेटी चपटी झाली. दुसऱ्यांदा घाबरून इतका क्लच सोडला की गाडी बंद. पण गाडी जागची हलली नाही, कारण हँडब्रेक लागलेलाच होता. तिसऱ्यांदा मी खिडकीशी उभी राहून म्हटलं, "हँडब्रेक विसर. आधी मला बोनेट दाखव." तिनं ॲक्सिलरेटर थोडा दिला, आवाज एकसारखा धरला, क्लच हळूहळू वर आणला. आवाज बसला आणि बोनेटचं नाक बोटभर वर आलं. पुढं ओढणारं इंजिन आणि मागं धरून ठेवणारा हँडब्रेक यांच्यामध्ये गाडी ताणली जाते, म्हणून ते उचलतं. "आता सोड." तिनं बटण दाबून दांडा खाली केला आणि गाडी तशीच्या तशी पुढं गेली. पेटी होती तिथंच होती. त्या सकाळी तिनं हे अकरा वेळा केलं. पुढच्या आठवड्यात यवतेश्वर घाटात पुढची बस थांबली, तेव्हा मी काही बोलायच्या आत तिनं हँडब्रेक ओढला होता.

तुमच्या गाडीत चढावर दोन सेकंद ब्रेक धरून ठेवणारी सोय असली तरी हे शिकाच. ती सोय प्रत्येक गाडीत नसते.

आणि बंद पडलीच, तर क्रम पक्का करा: पायाचा ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, मग चावी. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक जातो असं बऱ्याच जणींना वाटतं. जात नाही. पहिल्या एकदोन दाबांना नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल जड होतं, पण जोर दिला की गाडी थांबते. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. त्या दिवशी तो रिक्षावाला तुमच्या अगदी बंपरला चिकटून उभा होता, ती चूक त्याची होती. आपणही चढावर पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकं अंतर सोडावं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असेल तर त्याच्या दुप्पट. भरलेली ट्रॉली चढाला कधी मागं येईल याचा भरवसा नसतो, आणि अंधार पडल्यावर बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवाही नसतो.

एक सवय मात्र लावून घेऊ नका. पोवई नाक्यावर रांगेत थांबताना बरेच जण हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात, ना पुढं ना मागं. बघायला कौशल्य वाटतं, पण तेवढा वेळ प्लेट घासत असते. करपल्याचा उग्र वास आला की समजा प्लेट तापली. थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चालत्या गाडीत डावा पाय क्लचवर विसावूही देऊ नका, तो बाजूला जमिनीवर ठेवायचा.

चढापेक्षा मला काळजी उताराची वाटते, कारण उताराला गाडी बंद पडत नाही, म्हणून कुणी शिकवतही नाही. यवतेश्वरहून खाली येताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे मी पाहते. त्यानं वाचत काहीच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणं बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतच राहतं. आणि न्यूट्रलमध्ये गाडी रोखायला फक्त ब्रेक उरतो. घाटभर ब्रेकवर पाय ठेवला की तो तापतो आणि तापलेला ब्रेक हवा तेव्हा धरत नाही. ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत आहे. दुसऱ्या गिअरमध्ये पाय मोकळा सोडून बघा, इंजिन घूं आवाज करत गाडीला मागून कुणीतरी पदर धरावा तशी धरून ठेवतं. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ही नुसती रीत नाही, नियमातच आहे. थांबून पुन्हा निघणं चढणाऱ्यालाच जड असतं, हे आता तुमच्याइतकं कुणाला कळणार?

ऑटोमॅटिकबद्दल. मी त्याच्या विरुद्ध नाही. गुडघा दुखत असेल, रोज तासभर गर्दीत जावं लागत असेल तर जरूर घ्या. पण बाजारातल्या स्वस्तातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. आत हीच गिअरपेटी, हाच क्लच, फक्त दाबणारं यंत्र. चढ धरून ठेवायची सोय नसेल तर ब्रेक सोडल्यावर तीही मागं येते. म्हणजे ज्या भीतीपोटी गाडी बदलायची ती भीती नव्या गाडीतही येऊन बसेल. हे दोन आठवडे करून बघा, मग निवांतपणे ठरवा.

मुलाला १८ पूर्ण झाली, त्यालाही याच गाडीवर शिकवू का, असं शेवटी विचारलंय. शिकू दे. आधी लर्निंग काढा. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावा, शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवंच. तीस दिवसांनंतर त्याला पक्क्यासाठी परीक्षा देता येते, लर्निंग सहा महिने चालतं. पण सध्या त्याच्या शेजारी तुम्ही बसू नका. आधी तुमचा हात बसू दे.

परळीला पहिल्यांदा एकट्या जाल तेव्हा मधल्या वारी, सकाळी साडेसहाला निघा. सप्टेंबरात शनिवार-रविवारी अजिबात नको, कासची फुलं बघायला येणाऱ्या गाड्या बोगद्याच्या अलीकडपर्यंत तुंबतात. समर्थ मंदिराला मोकळा रस्ता असला तरी एकदा बाजूला घेऊन थांबा, हँडब्रेक ओढा, बोनेट उचललेलं बघा आणि निघा. बोगद्यातून पलीकडं गेलात की सज्जनगडाचा रस्ता धरा. आईच्या दारात चढावर गाडी लावाल तर तोंड वर असताना पहिला गिअर, तोंड खाली असताना रिव्हर्स टाकून ठेवा, हँडब्रेक ओढा आणि उताराच्या बाजूनं चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.