हेलसिंग: २००१ ची ॲनिमे मालिका आणि मूळ मंगा यांत नेमकं काय वेगळं आहे?

तुमचा प्रश्न असा: हेलसिंगचे तेराही भाग पाहून झाले, पण शेवट अर्धवट वाटला. ‘खरी गोष्ट यात नाहीच’ असं मित्र म्हणतो, ते खरं का? आणि मंगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, कुठल्या खंडापासून वाचायची?

मित्राचं म्हणणं बरोबर आहे. मंगा पहिल्या खंडापासूनच वाचा. ‘इतकं पाहिलंय तर तिसऱ्या खंडापासून सुरू करतो’ असा विचार करू नका, कारण पाहिलेली मालिका ही मंगाची छोटी आवृत्ती नाही. तीच पात्रं घेऊन सांगितलेली ती दुसरी गोष्ट आहे. पुढे मंगाच्या शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे. रसभंग नको असेल तर इथेच थांबून पहिला खंड उघडा.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. हेलसिंग या नावाने दोन ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) आहेत. पहिली गोन्झो स्टुडिओची टीव्ही मालिका, ऑक्टोबर २००१ ते जानेवारी २००२, एकूण १३ भाग, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाच्या वेळेत बसणारा. दुसरी ‘हेलसिंग अल्टिमेट’. ती टीव्हीवर नाही, थेट डीव्हीडीवर आली (यालाच ओव्हीए म्हणतात). १० भाग, प्रत्येक भाग पाऊण तास ते तासभराचा, पहिला फेब्रुवारी २००६ मध्ये आणि शेवटचा डिसेंबर २०१२ मध्ये. भागाची लांबी पाहिली की कुठली समोर आहे ते लगेच कळतं. मूळ मंगा कोउता हिरानोची, ‘यंग किंग अवर्स’ या मासिकात १९९७ ते २००८ क्रमशः आलेली, एकूण १० खंड.

या तारखा शेजारी ठेवल्या की टीव्ही मालिका अशी का झाली ते दिसतं. २००१ मध्ये निम्मी मंगाही छापून झालेली नव्हती. मासिकाचा वेग महिन्याला एक प्रकरण, त्यात हिरानोची पानं लढायांवर भरभर खर्च होतात. तेरा भागांना पुरेल इतकं कथानक हातात नव्हतं आणि खलनायक कोण हे मंगात नुकतं उलगडू लागलं होतं. पटकथा च्याकी कोनाकाकडे होती, ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’ लिहिणारा हाच. त्याचा हात शांत, शहरी, अस्वस्थ करणाऱ्या भीतीवर बसलेला, आणि हिरानोचं लेखन म्हणजे दात विचकून केलेली आरडाओरड. स्वभावच वेगळे असल्यामुळे मालिका पहिल्या भागापासूनच दुसऱ्या सुरात लागते.

आता कथानक. सुरुवात दोन्हीकडे सारखीच: चेडर गावात पाद्री झालेला व्हॅम्पायर, पोलीस तुकडीचा संहार, आणि मरणाच्या दारात असलेल्या पोलीस सेरास व्हिक्टोरियाला अलुकार्ड, हेलसिंग संस्थेसाठी लढणारा व्हॅम्पायर, आपल्यासारखं करून घेतो. व्हॅटिकनचा लढवय्या पाद्री अँडरसन याच्याशी पहिली चकमक, व्हॅलेंटाइन भावांचा हेलसिंगच्या वाड्यावरचा हल्ला, ल्यूकला गिळणारा तो काळा कुत्रा, हेही दोन्हीकडे आहे. ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर’, ‘स्वॉर्ड डान्सर’, ‘डेड झोन’ ही भागांची नावंसुद्धा मंगाच्या प्रकरणांवरून घेतलेली. पण क्रम बदललेला. बाप वारल्यावर काका रिचर्ड छोट्या इंटेग्राच्या (पुढे हेलसिंगची प्रमुख होणारी ती हीच) जिवावर उठतो आणि ती तळघरात अलुकार्डला जागं करते, हा प्रसंग मंगाच्या पहिल्याच खंडात आहे. मालिकेने तो दहाव्या भागापर्यंत राखून ठेवला. परिणाम असा की मंगाच्या वाचकाला इंटेग्रा आणि अलुकार्ड यांच्यातलं नातं सुरुवातीपासून ठाऊक असतं, तर मालिकेत ते बराच काळ गूढ राहतं.

वाट फुटते ती व्हॅलेंटाइन हल्ल्यानंतर. मंगात जान व्हॅलेंटाइन जळता जळता ‘मिलेनियम’ हा शब्द सोडून जातो आणि पुढची सगळी साखळी त्याच एका शब्दाला लटकलेली आहे: दक्षिण अमेरिकेत लपलेले नाझी, बुटका जाडा मेजर, हजार व्हॅम्पायर सैनिकांची ‘शेवटची बटालियन’, झेपेलिन हवाई जहाजांनी लंडनवर केलेली चढाई. मालिकेत हा शब्द नाही, मेजर नाही, युद्ध नाही. तिथे ‘फ्रीक’ चिप केंद्रस्थानी आणली. शरीरात चिप बसवली की माणूस कृत्रिम व्हॅम्पायर होतो. मंगातही चिप आहे, पण ती मिलेनियमच्या हातातली लगाम आहे: सैनिक काय करतो ते पाहायला आणि निकामी झाला की जाळून टाकायला. मालिकेत चिप कोण बनवतं याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. तुम्हाला शेवट अर्धवट वाटला त्याचं पहिलं कारण हेच. कोड्याच्या उत्तराचा भाग त्या वेळी मंगात उलगडायचा होता, आणि मालिकेने स्वतःचं उत्तर रचलं नाही.

त्या जागी आला इन्कॉग्निटो. आफ्रिकेतून आलेला, अंगभर गोंदण असलेला, सेत या इजिप्शियन देवाला आवाहन करणारा. तो पूर्णपणे मालिकेची निर्मिती आहे, मंगात त्याचा मागमूस नाही. हेलेना हीसुद्धा मालिकेचीच. लहान मुलीच्या देहात अडकलेली, पुस्तकांच्या गराड्यात बसलेली जुनी व्हॅम्पायर, जिच्याशी बोलून सेरासला आपल्यापुढचं अनंत आयुष्य कळतं. (मंगात ‘हेलेनाचा खिळा’ येतो, तो एक पवित्र अवशेष. या मुलीशी त्याचा काही संबंध नाही.) मला हेलेनाचा भाग मालिकेतला सर्वांत चांगला वाटतो. माणूसपण हातातून निसटताना सेरासला काय होतं, ते रक्ताची पिशवी समोर ठेवून न पिणं, हे मालिकेने मंगापेक्षा जास्त सावकाश आणि हळुवारपणे दाखवलं आहे. सैन्याचा प्रमुख फर्ग्युसन मंगात जेमतेम दिसतो. मालिकेत तो सेरासचा वडीलधारा होतो. तेवढ्यासाठी मालिका पाहिली ते वाया गेलं नाही.

मंगात जे आहे आणि मालिकेत नाही त्याची यादी मोठी आहे: भाडोत्री सैनिक ‘वाइल्ड गीस’ आणि त्यांचा वेणीवाला कप्तान पिप बर्नादोत, पत्त्यांनी लढणारा ट्युबलकेन अल्हाम्ब्रा, बंदुकीची गोळी हवेत वळवणारी रिप व्हॅन विंकल, झोरिन ब्लिट्झ, लांडगा होणारा कॅप्टन, मांजरकानांचा श्रोडिंगर. पण नावं मोजून फरक कळत नाही. खरा फरक एका विचाराचा आहे.

मंगा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट म्हणते: राक्षसाला मारू शकतो तो फक्त माणूस. अलुकार्डला हरवायची ताकद दुसऱ्या राक्षसात नाही, आणि त्याला स्वतःला तेच हवं आहे, की समोर माणूस उभा राहावा. रिओच्या हॉटेलचा प्रसंग पाहा. साधे पोलीस, हुकमाचे ताबेदार, त्याला मारायला आलेत. अलुकार्ड फोनवरून इंटेग्राला विचारतो: ही माणसं आहेत, मारू? ती हुकूम देते आणि जबाबदारी स्वतःवर घेते. मालिकेत हा प्रसंग नाही, म्हणून इंटेग्रा तिथे करारी मालकीण वाटते. मंगात ती माणसांच्या रक्ताचा हिशेब डोक्यावर घेतलेली बाई आहे.

याच विचारावर शेवटचे तीन खंड उभे आहेत. लंडन जळत असताना अलुकार्ड आपल्या ताकदीवरचं शेवटचं, शून्य पातळीचं बंधन सोडतो आणि आजवर गिळलेले सगळे जीव सैन्य होऊन बाहेर पडतात. त्या क्षणी त्याच्या आत एकच जीव उरतो, म्हणजे तो मारता येण्याजोगा होतो. अँडरसन त्याच्यापर्यंत पोचतो, आणि ऐन वेळी हेलेनाचा खिळा स्वतःच्या छातीत ठोकून माणूसपण सोडतो. अलुकार्ड तिथे संतापतो, विनवतो, कारण ज्या माणसाच्या हातून मरायचं होतं तो माणूसच राहिला नाही. इंटेग्राचा म्हातारा बटलर वॉल्टर, त्याचंही तेच. तो फितूर होतो, म्हातारपण टाकून तरुण होतो, राक्षस होतो, आणि म्हणूनच जिंकू शकत नाही. (मालिकेत वॉल्टर शेवटपर्यंत एकनिष्ठ आहे. मालिका पाहून मंगा वाचणाऱ्याला बसणारा सर्वांत मोठा धक्का हा.) उलट मेजर: त्याचं शरीर यंत्र निघतं, तरी तो स्वतःला माणूसच म्हणवतो, आणि त्याला मारते ती अलुकार्ड नाही, इंटेग्रा. एक माणूस, पिस्तुलाच्या गोळीने, आणि बदल्यात डावा डोळा गमावून.

आता मालिकेचा शेवट आठवा. टॉवर ऑफ लंडनजवळ अलुकार्ड इन्कॉग्निटोला सुळावर चढवतो. राक्षसाने राक्षसाला मारलं. मंगाच्या तर्काने पाहिलं तर या लढाईत पणाला काहीच लागलेलं नाही. इंटेग्रा कोठडीत जाते, अलुकार्ड भेटायला येतो, आणि पडदा पडतो. अर्धवट वाटण्याचं दुसरं कारण हे, आणि माझ्या मते जास्त खोल कारण हेच.

सेरासबाबतही मंगाचं उत्तर वेगळं आहे. तिथे ती रक्त पिते ते पिप मरताना, त्याच्या सांगण्यावरून, सातव्या खंडात. जबरदस्ती नाही, भूक नाही. एकाने दिलं आणि एकीने घेतलं. तिथून तिचा तुटलेला डावा हात काळ्या सावलीचा होतो आणि पिप तिच्या आत राहतो.

अलुकार्डचा स्वभावही तपासून पाहा. मालिकेतला कमी बोलणारा, थंड, जवळजवळ सभ्य. मंगातला तोंड फाटेपर्यंत हसतो, भित्र्या शत्रूचा तिरस्कार करतो, शूर शत्रूवर प्रेम करतो. आवाज मात्र दोन्ही ॲनिमेंत एकाच माणसाचा, जोजी नाकाता. इंग्रजीतही दोन्हीकडे क्रिस्पिन फ्रीमन. अँडरसनचा जपानी आवाज मात्र बदलला: मालिकेत नाची नोझावा, अल्टिमेटमध्ये नोरिओ वाकामोतो. संगीतात यासुशी इशीचं जॅझ-रॉक ही मालिकेची जमेची बाजू आहे. सुरुवातीचं गाणं आजही कानात राहतं. अल्टिमेटमध्ये हायातो मात्सुओचं वाद्यवृंदाचं, युद्धपटाला शोभणारं संगीत आहे.

हिरानोचे विनोद मालिकेने जवळपास सगळे गाळले. मंगात ऐन गंभीर प्रसंगानंतर पात्रं एकदम बुटकी, गोलमटोल होऊन भांडतात. पहिल्यांदा वाचताना हे खटकेल, पण ती पानं गाळू नका. पिप आणि सेरासची जवळीक याच फालतूगिरीतून वाढते, नाहीतर सातव्या खंडातलं मरण लागणार नाही.

अल्टिमेट मंगाशी प्रामाणिक आहे, ढोबळमानाने एक भाग म्हणजे एक खंड. मेजरचं ‘मला युद्ध आवडतं’ हे लांबलचक भाषण चौथ्या खंडाच्या शेवटी आहे आणि ॲनिमेच्या चौथ्या भागाच्या शेवटीही. स्टुडिओ मात्र दोनदा बदलला: १ ते ४ सॅटेलाइट, ५ ते ७ मॅडहाउस, ८ ते १० ग्राफिनिका. म्हणून पाचव्या आणि आठव्या भागाला चेहरे आणि रंग वेगळे वाटतात. सातव्या आणि आठव्या भागात दीड वर्षाहून जास्त अंतर पडलं होतं, तेही जाणवतं. गाळलेलं असं म्हणाल तर सुरुवातीच्या खंडांच्या शेवटी असलेली, व्हॅटिकनच्या हाइन्केल आणि युमिए यांची ‘क्रॉसफायर’ ही उपकथा. ती फक्त मंगात मिळेल.

वाचताना दोन अडचणी येतात. एक, पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. डार्क हॉर्सच्या इंग्रजी खंडांतही तीच दिशा आहे, त्यामुळे चौकटीही उजवीकडून घ्या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जाईल. दुसरी, हिरानो काळी शाई इतकी ओततो की लढाईत कोण कुणाला मारतंय ते पहिल्या नजरेत कळत नाही. अशा वेळी चष्मे पाहा. अलुकार्डचा गोल, अँडरसनचा चमकणारा, इंटेग्राचा बारीक काडीचा. हत्यारंही ओळख देतात: सेरासची हार्कोनेन ही ३० मिलिमीटरची तोफ, अलुकार्डच्या काळ्या जॅकलची लांबी ३९ सेंटिमीटर आणि वजन १६ किलो, वॉल्टरच्या तारा, अँडरसनच्या संगिनी.

दहा खंड संपल्यावर ‘द डॉन’ शोधा. १९४४ चं वॉर्सा, चौदा वर्षांचा वॉल्टर आणि मुलीच्या रूपातला अलुकार्ड. ती पूर्वकथा दहा खंडांत नाही आणि अपुरी राहिली आहे. आधी वाचू नका. वॉल्टरचं पुढे काय होतं हे कळल्यावर त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहणं वेगळं असतं.