इंटरपोलला कोर्टात खेचता येते का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागला आहे. ओबामांनी एका रात्रीत हुकूम काढून इंटरपोलला अमेरिकेच्या कायद्यांपेक्षा वर बसवले, आता इंटरपोलचे पोलीस कोणालाही उचलू शकतात आणि कोणतेही न्यायालय त्यांना जाब विचारू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. यात तथ्य किती?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हुकूम खरा आहे, पण त्यावर रचलेली गोष्ट खरी नाही. मुळात ‘इंटरपोलचे पोलीस’ असे कोणी नसतेच. फ्रान्समधील ल्याँ शहरात मुख्यालय असलेली ही १९६ देशांची संघटना माहितीची देवघेव करते. तिच्याकडे ना बेड्या आहेत, ना कोठडी, ना छापा घालण्याचा अधिकार. अटक करायची झाल्यास ती त्या त्या देशाचे पोलीस आपल्याच कायद्याप्रमाणे करतात.

आता हुकुमाविषयी. आंतरराष्ट्रीय संघटनांना कोणते विशेषाधिकार आणि कोणती उन्मुक्ती, म्हणजे कायदेशीर कारवाईपासून मोकळीक, द्यायची याचा अमेरिकेचा कायदा १९४५ चा आहे. एखाद्या संघटनेला तो लागू करण्याचा, त्यातले काही हातचे राखण्याचा किंवा दिलेले काढून घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे. १६ जून १९८३ रोजी रोनाल्ड रेगन यांनी १२४२५ क्रमांकाच्या आदेशाने तो इंटरपोलला लागू केला. संघटनेवर दावा लावता येणार नाही आणि अधिकाऱ्यांना पदाच्या नात्याने केलेल्या कामाबद्दल न्यायालयात खेचता येणार नाही, हे तेव्हाच ठरले. जकात, कर आणि दप्तराची, म्हणजे कागदपत्रांची, अभेद्यता या सवलती मात्र रेगन यांनी दिल्या नाहीत, कारण त्या वेळी अमेरिकेत इंटरपोलचे स्वतःचे कार्यालयच नव्हते. १९९५ मध्ये क्लिंटन यांनी जकातीपुरता अपवाद सैल केला. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संपर्कासाठी न्यूयॉर्कमध्ये कार्यालय निघाले आणि डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी उरलेले अपवाद काढून टाकले.

म्हणजे ज्या ‘न्यायालयाच्या वर’ असण्याचा बोभाटा होतो, ते संरक्षण ओबामांच्या २६ वर्षे आधीचे आहे. करांच्या सवलतींखेरीज नवीन मिळाले ते इतकेच, की संघटनेच्या मालमत्तेची, ती कोणाच्याही ताब्यात असली तरी, संघटनेने स्वतः मुभा दिल्याशिवाय झडती घेता येत नाही आणि तिचे दप्तर उघडता येत नाही. ही गोष्ट क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र वॉशिंग्टनमधील ज्या ब्यूरोमार्फत अमेरिकेचा इंटरपोलशी व्यवहार चालतो, तो ब्यूरो अमेरिकी न्याय विभागाचा आहे, त्यात अमेरिकी कर्मचारी काम करतात आणि त्याला अमेरिकेचा माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू होतो. ओबामांच्या आदेशाने त्याला काहीच मिळाले नाही.

प्रश्न : पोलिसांच्या संघटनेला अशी मोकळीक द्यावीच कशाला? आणि चुकून एखाद्या निरपराध माणसाचे नाव रेड नोटिशीत, म्हणजे एखाद्याला शोधून ताब्यात घ्या अशा देशोदेशींच्या पोलिसांना केलेल्या विनंतीत, गेले, तर त्याने दाद कोठे मागायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर दप्तरात आहे. ल्याँच्या कपाटात १९६ देशांनी दिलेले कागद आहेत आणि त्यांवर मालकी देणाऱ्या देशाची राहते. यजमान देशाच्या न्यायाधीशाने उद्या ते उघडून दाखवा म्हटले आणि संघटनेला दाखवावे लागले, तर परवापासून कोणताही देश कागद देणार नाही.

हा केवळ तर्क नाही, फ्रान्समध्ये हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. इंटरपोलचे मुख्यालय १९८९ पर्यंत पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथे होते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा फ्रान्सने १९७८ मध्ये केला आणि तो राबवणाऱ्या आयोगाने इंटरपोलच्या फायली तपासण्याचा हक्क सांगितला. हे कागद फ्रान्सचे नाहीतच, असे इंटरपोलचे म्हणणे होते. १९८२ च्या मुख्यालय करारात तडजोड झाली : फ्रान्सचा आयोग दप्तराला हात लावणार नाही, पण त्याच्या बदल्यात इंटरपोलने फायलींवर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ नेमायचे. आजचा ‘फाइल नियंत्रण आयोग’ त्या सौद्यातूनच आला. माझ्या मते उन्मुक्ती द्यायची ती अशीच, काहीतरी पदरात पाडून घेऊन. अमेरिकेने १९८३ मध्ये असे काही मागितले नाही.

वास्तविक मागण्याजोगे कारण तिच्यासमोर होते. इंटरपोलच्या एका नोटिशीत एका अमेरिकी नागरिकाचे नाव कोण्या फरारी आरोपीचे टोपणनाव म्हणून छापले गेले होते. त्याने वॉशिंग्टनमध्ये दावा लावला आणि इंटरपोलला अमेरिकी न्यायालयापुढे आणता येते, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. रेगन यांच्या आदेशाने दोनच वर्षांत ती वाट बंद केली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयासमोर असेच गाऱ्हाणे आले. खाजगी व्यक्तींशी होणारे वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या नियमांनी सोडवण्याचे इंटरपोलने फ्रान्सशी झालेल्या करारात मान्य केले आहे, तेव्हा तिने उन्मुक्ती सोडलीच आहे, असा अर्जदाराचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला.

या काळात कायदा थोडा हलला, तो मात्र कच्छमुळे. मुंद्र्याजवळच्या कोळशावरील वीजप्रकल्पाला जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. मासेमारी आणि पाणी नासले म्हणून तेथील मच्छीमार आणि शेतकऱ्यांनी महामंडळाविरुद्ध थेट अमेरिकेत दावा केला. १९४५ च्या कायद्यात संघटनांना ‘परकी सरकारांइतकीच’ उन्मुक्ती आहे असे शब्द आहेत. परकी सरकारांची उन्मुक्ती आता व्यापारी व्यवहारांना लागू होत नाही, म्हणून संघटनांचीही होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सात विरुद्ध एक मतांनी ठरवले. (ज्यांनी हा कायदा हलवला ते मच्छीमार स्वतः पुढे हरले, कारण तक्रारीचे मूळ अमेरिकेत नव्हे, भारतात आहे असे खालच्या न्यायालयांनी मानले.) इंटरपोलच्या टीकाकारांना या निकालाने हुरूप आला खरा, पण रेड नोटीस काढणे हा काही व्यापार नव्हे.

त्यामुळे दाद मागायची ती फाइल नियंत्रण आयोगाकडेच. अर्जाला शुल्क नाही. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबी भाषेत करावा लागतो आणि त्यावर सही व सोबत ओळखपत्राची प्रत लागते. आपल्याविषयी काय माहिती आहे एवढेच विचारले असेल तर अर्ज ग्राह्य धरल्यापासून चार महिन्यांत, आणि ती वगळा अशी विनंती असेल तर नऊ महिन्यांत निर्णय व्हावा, असा नियम आहे. नोटीस राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाची असल्यास इंटरपोलच्या घटनेचे तिसरे कलम नेमके दाखवून द्यावे.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेच्या प्रकरणातील मेहुल चोक्सीविरुद्धची रेड नोटीस याच वाटेने रद्द झाली, हे २०२३ मध्ये उघड झाले आणि आपल्याकडे मोठा गहजब झाला. एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या विनंतीवरून बेल्जियमने त्याला अटक केली, तेव्हा त्याच्यावर कोणतीही रेड नोटीस नव्हती. नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे आणि ती रद्द होणे म्हणजे निर्दोष सुटणेही नव्हे.

प्रश्न : माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल आला. गणवेशातील माणसाने आपण इंटरपोलचे अधिकारी असल्याचे सांगितले. आम्हाला आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे, स्थानिक पोलिसांना आमच्या कामात पडता येत नाही, तेव्हा ठाण्यात जाऊ नका, असे तो म्हणत होता. वडील फार घाबरले आहेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही फसवणूक आहे. पैसे भरले असोत वा नसोत, आजच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. इंटरपोल कोणाही नागरिकाला फोन करत नाही, पैसे मागत नाही आणि कोणाला घरात बसवून ‘अटक’ करत नाही. भारतात तिच्याशी संबंधित सर्व काम दिल्लीहून सीबीआय पाहते. संरक्षण असलेला खरा अधिकारी आपल्याला स्थानिक पोलिसांपासून लांब राहा असे कधीच सांगणार नाही, कारण अटक करायला त्याला त्यांच्याकडेच जावे लागते. वडिलांना रागावू नका.

प्रश्न : इंटरपोलकडे बंदूक नाही हे समजले. परंतु ज्या आंतरराष्ट्रीय पोलिसांकडे ती असते, त्यांचे काय? युरोपीय देशांच्या पोलिसांची सहकार्य संस्था असलेल्या युरोपोललाही अशीच उन्मुक्ती आहे का?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बंदुकीचे उदाहरण आग्नेय युरोपातील कोसोवोचे. १९९९ पासून तेथील कारभार संयुक्त राष्ट्रांकडे होता आणि पोलीसही त्यांचेच होते. त्यांच्या २००० सालच्या नियमाने या कर्मचाऱ्यांना पदाच्या नात्याने केलेल्या कृत्यांबद्दल स्थानिक न्यायालयांपासून मोकळीक दिली होती. १० फेब्रुवारी २००७ रोजी प्रिश्टिना येथे मोर्चावर रबरी गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोन निदर्शक ठार झाले. गोळ्या रोमानियाच्या पोलीस तुकडीने झाडल्या हे चौकशीत पुढे आले, पण ती पुरी होण्याआधीच त्या तुकडीचे जवान मायदेशी परतले होते. मानवाधिकार सल्लागार मंडळाने संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाला दोष दिला तो २०१५ मध्ये, आणि तोही केवळ सल्ला म्हणून.

युरोपोलची गोष्ट निराळी आहे. १९९७ च्या पूरक कराराने हेगमधील तिच्या अधिकाऱ्यांना जी उन्मुक्ती मिळाली, तिच्यावर खूप टीका झाली. संयुक्त तपास पथकात काम करताना ती लागू राहू नये, अशी दुरुस्ती २००२ मध्ये करावी लागली. २०१० पासून युरोपोल ही युरोपीय संघाचीच संस्था झाल्याने तिच्यावर संघाच्या लक्झेंबर्गमधील न्यायालयाचा अंमल आहे. स्लोव्हाकियात एका पत्रकाराच्या खुनाच्या तपासात एका संशयिताचे फोन युरोपोलकडे तपासणीसाठी गेले होते आणि त्यातील खाजगी संभाषण पुढे वृत्तपत्रांत छापून आले. माहिती युरोपोलकडून फुटली की स्लोव्हाक पोलिसांकडून, हे सिद्ध करण्याची गरज नाही, दोघेही मिळून जबाबदार आहेत, असे न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी म्हटले. अर्जदाराने एक लाख युरो मागितले होते, त्याला दोन हजार मिळाले.