‘सर्वसमावेशक विकास’ की ‘समावेशक वृद्धी’?

विकसनशील देशांतील खासगी उद्योगांवरील लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की ‘इन्क्लुझिव्ह ग्रोथ’साठी (म्हणजे गरिबांनाही सामावून घेणाऱ्या आर्थिक वाढीसाठी) ‘सर्वसमावेशक विकास’ लिहावे की ‘समावेशक वृद्धी’, आणि एखाद्या कंपनीला ‘समावेशक’ म्हणता येते का.

राष्ट्रीय उत्पन्न वाढणे म्हणजे वृद्धी, आणि त्याबरोबर आरोग्य, शिक्षण, राहणीमान सुधारणे म्हणजे विकास, हा भेद अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पाळला जातो. मूळ शब्द ‘ग्रोथ’ आहे, म्हणून ‘वृद्धी’च लिहावे. अकराव्या पंचवार्षिक योजनेपासून (२००७–२०१२) स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून ‘सर्वसमावेशक विकास’ रुळला हे खरे, पण त्यातला ‘सर्व’ मला खटकतो. मूळ संज्ञेत तो नाही आणि कोणत्याही उद्योगाला न पेलणारा दावा तो करतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘पोषक’, ‘शोषक’ यांप्रमाणे ‘समावेशक’ हाही कर्तृवाचक, म्हणजे क्रिया करणारा दाखवणारा, शब्द आहे, त्यामुळे सामावून घेण्याची क्रिया उद्योगाच्या नेहमीच्या व्यवहारातच घडत असेल, म्हणजे गरीब माणूस तिथे पुरवठादार, कामगार, विक्रेता किंवा ग्राहक म्हणून उभा असेल, तरच हे विशेषण शोभते. केनियात सफारीकॉम कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेली एम-पेसा सेवा याचे चांगले उदाहरण आहे. (त्यातला ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्याच ‘पैसा’चा भाऊबंद.) बँकेत खाते नसलेला माणूस गल्लीतल्या दुकानदाराकडे रोकड भरतो, ती मोबाइलवरून गावी धाडतो, आणि दुकानदाराला त्या व्यवहारावर दलाली मिळते, कंपनीचा नफा आणि गरिबाची सोय एकाच व्यवहारातून निघतात. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली.

याउलट आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करतात. त्यातून शाळा उभ्या राहतात, पाणी येते, आणि ते मोलाचेच आहे. परंतु ती नफा झाल्यानंतरची वाटणी असते, नफा मिळवण्याची रीत तिने बदलत नाही. अशा खर्चासाठी ‘सामाजिक उत्तरदायित्व’ ही रूढ संज्ञा वापरावी, आणि ‘समावेशक उद्योग’ हा शब्दप्रयोग एम-पेसासारख्या उदाहरणांसाठी राखून ठेवावा.