ताप नाही, मग संसर्ग कसला?

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. एका रात्रीत असंबद्ध बोलू लागल्या, चहाही नको म्हणाल्या. ताप ९८च होता. तरी डॉक्टरांनी सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागल्याचा, संशय घेऊन दाखल करून घेतलं. ताप नसताना?
– एक वाचक, कराड

उत्तर : बरं केलं त्यांनी. उतारवयात ताप चढेलच असं नाही; कधी अंग उलट गार पडतं. काल नातवाचा अभ्यास घेणारी बाई आज त्याला ओळखत नसेल, तर ते 'वय झालं' नव्हे. मी थर्मामीटरच्या आधी घड्याळ बघतो आणि पदराच्या हालचालीवरून मिनिटभर श्वास मोजतो. २२ किंवा जास्त भरले, त्यात वरचा रक्तदाब १००च्या खाली असला, की थांबत नाही. नाडीवर फार विसंबू नका. बीपीच्या काही गोळ्या ती वाढूच देत नाहीत. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ती तपासणी) शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं, पण त्यापायी औषध अडवू नये. आणि लघवीत जंतू दिसले म्हणजे चोर सापडला असं नाही. या वयात ते काही त्रास नसतानाही असतात. म्हणून छातीचा एक्स-रे काढतात, कंबरेवरच्या, टाचेवरच्या जखमा तपासतात. घरच्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवलीत ना?