सुती कापडावरचा वनस्पतींचा रंग का उडतो आणि टिकावा म्हणून काय करावे

तुम्ही लिहिले आहे की मांजरपाटाचे तुकडे बीट, हळद आणि जास्वंदीच्या फुलांत रंगवून, मग मीठ व व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून तुम्ही भिंतीवर लावायचे एक मोठे चित्र गोधडीच्या टाक्यांनी शिवले. दोन महिन्यांत त्यातला गुलाबी भाग मातकट झाला, जांभळा करडा पडला आणि खिडकीकडची पिवळी बाजू जवळजवळ पांढरी झाली. रंग पक्का करण्यासाठी शेवटी काय घालायला हवे होते, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी घालण्यासारखे असे काही नसतेच. सुती कापड वनस्पतीचा रंग धरणार की सोडणार, हे ते रंगाच्या पातेल्यात उतरण्याआधी बहुतांशी ठरलेले असते, आणि तुमची मेहनत वाया गेली ती त्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या कामाविषयी कोणी सांगितले नाही म्हणून.

आधी तुम्ही निवडलेल्या रंगांविषयी. बीटचा रंग पाण्यात सहज विरघळतो, उष्णतेने आणि उजेडाने मोडतो; तो कापडावर टिकवण्याचा उपाय मला चौदा वर्षांत सापडलेला नाही. जास्वंद, गोकर्ण आणि जांभूळ यांचे रंग लिंबासारख्या आंबट किंवा सोड्यासारख्या खाऱ्या पदार्थाने बदलतात आणि उन्हात लवकर विरतात. हळदीचे वागणे तर आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वरणाचा डाग पडलेला सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो (हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलेच हे), आणि तोच सदरा दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला की डाग नाहीसा होतो. सदऱ्यावरून हळद ज्या उन्हाने जाते, त्याच उन्हाने ती तुमच्या चित्रावरूनही गेली. पळसाच्या फुलांचा पिवळा रंगपंचमीला सुंदर दिसतो, पण भिंतीवरच्या कामात मी तो वापरत नाही.

मीठ आणि व्हिनेगरची सवय दुसऱ्या कामांतून आली आहे. बाजारातले काही कृत्रिम रंग सुती कापडावर चढवताना मिठाची मदत होते आणि लोकर व रेशीम रंगवताना काही रंगांना आम्ल लागते. सुती धाग्यावर वनस्पतीचा रंग बांधून ठेवण्याचे काम या दोहोंपैकी एकही करत नाही.

आता कापडाची तयारी. मांजरपाटात विणताना लावलेली खळ असते आणि कापसाचा स्वतःचा मेणकट अंशही असतो. नुसत्या पाण्यात भिजवून तो निघत नाही. कापडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३ टक्के धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून, भरपूर पाण्यात दीड-दोन तास कापड उकळावे लागते. पाणी चहासारखे तपकिरी होते. ते फेकून पुन्हा उकळावे. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. थेंब मोत्यासारखा क्षणभरही उभा राहिला, तर कापड तयार नाही. एकदा एका दुकानातून 'रंगवण्यास तयार' म्हणून घेतलेले बारा मीटर कापड मी ही परीक्षा न करता थेट रंगात टाकले, आणि ते सगळे ढगाळ, डागाळलेले निघाले. तेव्हापासून कोणी काहीही सांगितले तरी मी थेंब टाकल्याशिवाय पुढे जात नाही.

यापुढचे काम हिरड्याचे, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येतला सर्वांत मोलाचा पदार्थ हाच आहे. रेशीम आणि लोकर तुरटी स्वतःहून पकडतात. कापसाला ते जमत नाही. हिरड्यातला तुरट अंश मात्र कापसाच्या धाग्याला चिकटतो, त्या तुरट अंशाला तुरटी धरते आणि तुरटीला रंग धरतो. या साखळीतली पहिली कडी वगळली, तर पुढचे काहीच धाग्यावर ठरत नाही. आपल्याकडे जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. काष्ठौषधीच्या दुकानात तो मिळतो, पण औषधाला लागणारा बाळहिरडा न घेता पूर्ण वाढलेला, मोठा हिरडा मागावा आणि बी काढून साल कुटावी.

अर्धा किलो कापडाला साधारण १०० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळावी, आणि त्या कोमट पाण्यात कापड तीन-चार तास वरखाली करत ठेवावे. नंतर ते पिळावे, पण धुऊ नये, आणि सपाट पसरून उन्हात वाळवावे, कारण दोरीवर लोंबत ठेवले तर हिरडा खालच्या काठाशी उतरतो आणि तो पट्टा पुढे प्रत्येक रंगात दिसतो. वाळलेले कापड लोण्यासारखे फिकट पिवळे दिसते, हाताला किंचित करकरीत लागते आणि त्याला मातकट गोडसर वास येतो. कच्छमध्ये अजरख हे ठशांनी छापलेले कापड करणारे खत्री समाजाचे कारागीरही छपाईआधी कापडाला हिरडाच देतात.

त्यानंतर ७५ ते १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, त्या पाण्यात हेच कापड रात्रभर बुडवून ठेवावे, वाळवावे, आणि शक्य असल्यास दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. रंगवण्याआधी मात्र साध्या पाण्यातून काढावे, म्हणजे धाग्याला न चिकटलेली तुरटी रंगाच्या पाण्यात उतरून रंग वाया घालवणार नाही.

पाण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पाते आणि फोड दोन्ही काळी पडतात. हिरडा आणि लोह यांचेही तसेच होते. म्हणून हिरडा दिलेल्या कापडाची एक चिंधी तुमच्या नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात तासभर टाका. ती करडी झाली तर पाण्यात लोह आहे आणि त्या पाण्यात कोणताही स्वच्छ लाल वा पिवळा रंग मिळणार नाही. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका या अजरखच्या गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, आणि तिथल्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पावसाचे साठवलेले पाणी हा आपला सोपा उपाय आहे.

असे तयार कापड हाती आले की बीटच्या जागी मंजिष्ठेची मुळे घ्या. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून उरलेल्या सुती तुकड्यावरचा लाल रंग याच जातकुळीतल्या मुळांचा आहे, यावरून त्याच्या टिकाऊपणाची कल्पना यावी. कापडाच्या वजनाइतकी पूड रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी तासाभरात हळूहळू तापवत न्यावी आणि ७० अंशांच्या आसपास तासभर ठेवावी. उकळी फुटली की लाल रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून या एका रंगासाठी तरी तापमापक विकत घ्यावा. पिवळ्यासाठी डाळिंबाची वाळलेली साल उत्तम. रसाच्या गाड्यावर ती फुकट मिळते. दसऱ्याची झेंडूची तोरणे सुकवून ठेवली तर त्यांचाही सोनेरी पिवळा येतो, पण उजेडात तो डाळिंबाइतका टिकत नाही. निळ्याची कृती पूर्ण वेगळी आहे, त्याला हिरडा-तुरटी लागत नाही. इथे एवढेच सांगते की किराणा दुकानातली कपड्यांची नीळ ही वनस्पतीची नीळ नव्हे.

करडा आणि काळा हवा असेल तर हिरडा दिलेले कापड हिराकशीच्या (हा लोहाचाच क्षार) पातळ पाण्यात काही मिनिटे बुडवले तरी पुरते. कापडाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक हिराकस घालू नका, कारण लोह कापसाचा धागा खाते. जुन्या छापील भारतीय कापडांत काळ्या रेषांच्या जागीच धागा झडलेला दिसतो, तो यामुळे. हिराकस बाटलीबंद मिळते म्हणून ती बेताल वापरणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

नवे चित्र शिवण्याआधी प्रत्येक रंगाची एक पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत चार आठवडे ठेवा. दोन्ही भागांत जो रंग जवळजवळ सारखा राहील, तोच घ्या.

तयार चित्राविषयी: शिवलेल्या, आत अस्तर असलेल्या कामाला उकळणे, हिरडा आणि तुरटी आता देता येणार नाही, ते आटेल आणि टाके ओढले जातील. मी तुमच्या जागी असते, तर उडालेले तुकडे उसवून काढले असते, त्यांचे आकार कागदावर उतरवून घेतले असते आणि मंजिष्ठा व डाळिंबात रंगवलेले नवे तुकडे त्याच जागी त्याच टाक्यांनी बसवले असते. तोवर ते चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावा.