पाऊस बेभरवशाचा असताना चितळांसाठी गवत कधी लावावं?

तारीख धरून बसू नका. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून बी फेकलं की पुढच्या उघडिपीत कोंब करपतात. जमीन वीतभर ओली होऊ द्या. एकाच जातीवर भिस्त नको: मारवेल, पवना, डोंगरी मिसळा. बी कुसळांचं, हलकं. वाऱ्यावर उडतं, म्हणून माती-शेणात कालवून गोळ्या करा, वर मातीचा पातळ थरच. यंदाचं ताजं बी नीट उगवत नाही, गेल्या वर्षीचं वापरा. मारवेलचे मुळांसकट ठोंब दीड फुटावर लावले तर आणखी खात्रीचं.

खरी डोकेदुखी पावसापेक्षा तरोटा या तणाची! चितळ त्याला फारसं तोंड लावत नाहीत. शेंगा धरण्याआधीच, भाद्रपदात, उपटा. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी.